आधी पाय बघू

“आधी पाय बघू,” असं म्हणत बाई उजवा हात पालथा करायच्या आणि बाळाच्या अंगाला लावायच्या. नाव, गाव, दूध येतं की नाही, ताप आहे का, हे सगळं नंतर. म्हणायच्या पाय, पण हात पहिल्यांदा पोटाला, मग तळपायाला. दोन्ही गरम लागले तर पदर सावरून पुढच्या घराकडे. पोट गरम आणि पाय गार, तर चपला काढून तिथंच बसायच्या. दोन्ही गार असतील तर बाई बोलायच्या नाहीत. बाळ उचलून आधी आईच्या छातीला लावायच्या आणि मग समोर जी कोणाची गाडी दिसेल ती थांबवायच्या.

पालथाच हात का, असं मी पहिल्या भेटीत विचारलं होतं.

“तळवा भाकरी थापून थापून निबर झालाय. त्याला काही कळत नाही. पालथ्या हाताला अजून थोडी लाज आहे.”

मोखाडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात त्या नर्स होत्या. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. नोकरीनिमित्त आल्या, बदलीसाठी सुरुवातीला अर्ज केले असतील, पुढे केले नाहीत. जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही कधी जीपने गेला असाल तर कदाचित त्या तुमच्या शेजारी बसल्याही असतील. ठेंगणा बांधा, पांढरी साडी, खांद्याला खाकी पिशवी आणि बारा महिने चपलेत लाल लोकरी मोजे. चपलेचा अंगठा मोज्यावरून कसाबसा चढवलेला असायचा, त्यामुळे चालताना पाय ओढल्यासारखा वाटे. मोज्यांवरून लोक मागे हसत. पुढ्यात कोणी हसत नसे.

जीपथांब्यावर बायका त्यांची पिशवी लांबून ओळखत. बाई जवळ येण्याआधीच झोळीतून, पदरातून, ओढणीतून एकेक लहान पाय बाहेर निघायचा. सांगावं लागत नसे. तिकीट दाखवावं तसे ते पाय दाखवले जात.

हे फक्त गरिबांच्या पोरांपुरतं नव्हतं. एकदा तालुक्याच्या गावी कुठल्याशा मोहिमेचं उद्घाटन होतं. मंचावर पाहुण्या पुढाऱ्यांचा तान्हा नातू आणला होता. त्याच्या पायात चकचकीत बूट. बाईंना स्वागताचा गुच्छ द्यायला वर बोलावलं होतं. त्यांनी गुच्छ सूनबाईंच्या हातात दिला, वाकून नातवाचे बूट काढले आणि पालथा हात लावला.

“बूट महाग आहेत,” बाई म्हणाल्या. “पाय गारच आहेत. जरा आत घ्या त्याला, पंख्याखाली धरलंय.”

ध्वनिक्षेपक चालू होता. सूनबाई आत गेल्या. पुढाऱ्यांचं भाषण त्या दिवशी लवकर संपलं.

मी तेव्हा एका वर्तमानपत्रासाठी हा भाग सांभाळत असे. बालमृत्यूची बातमी करायला मुंबईचे पत्रकार पावसाळ्यात येत. त्या दिवसांत घरातलं धान्य संपलेलं असतं, रस्ते वाहून गेलेले असतात, छायाचित्रं मिळतात. मीही पहिल्या वर्षी जुलैत गेलो. बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, “तुम्ही लोक जुलैत येता. पोरं जानेवारीतही जातात. तेव्हा ऊन छान असतं, म्हणून कुणाला वाटत नाही.”

त्यांचं म्हणणं साधं होतं आणि त्या ते कोणालाही ऐकवत. पहिल्या वर्षात जी बाळं जातात त्यातली बरीचशी पहिल्या महिन्यातच जातात. काही दिवस भरण्याआधी येतात, काही वजनाला कमी असतात. त्यांच्या अंगावर चरबी नसते, ऊब टिकत नाही. गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही, दूध न ओढलेलं बाळ आणखी गार पडतं. “जगात कुठंही जा, हे असंच,” त्या म्हणत. “गोऱ्याचं असो, काळ्याचं असो. आमच्याकडे डोंगर आहेत एवढाच फरक.”

जगाबद्दल त्या उगाच बोलत नव्हत्या. एकदा बाहेरच्या देशांतल्या डॉक्टरांचं एक पथक उपकेंद्र पाहायला आलं. त्यात आफ्रिकेतली एक उंच डॉक्टरीण होती. ती बाळाला हात लावणार, तोच बाईंनी तिचा हात धरून पालथ्या हाताने तपासला. “गार आहे. आधी चोळा.” दुभाष्याने घाबरत घाबरत सांगितलं. डॉक्टरीण हसली, हात चोळले, मग बाळाला स्पर्श केला. जाताना तिने दुभाष्याकरवी सांगितलं की तिची आजीही असंच ओरडायची. “मग आजी शहाणी होती,” बाई म्हणाल्या.

त्याच पथकाने सांगितलं होतं की, दक्षिण अमेरिकेतल्या एका शहरात दवाखान्यातल्या काचेच्या पेट्या कमी पडल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी अशक्त बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधली आणि ती जगू लागली. बाईंना हे प्रशिक्षणात आधीच शिकवलं होतं. पण कोणाला तरी पेटी कमी पडली म्हणून हे सुचलं, ही गोष्ट त्यांना फार आवडली. “आपल्याकडे तर पेटीच नाही. म्हणजे आपण त्यांच्या पुढंच,” असं त्या नंतर प्रत्येक बैठकीत म्हणायच्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती मला बाईंनी सांगितली नाही, पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरच्या सुईणीने त्यांच्यासमोर सांगितली. तिकडे थंडीत बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवतात. बाई नव्या होत्या तेव्हा त्यांनी पाड्यापाड्यावर जाऊन ही घमेली बंद करवली. धुराने बाळाची छाती भरते, हे त्यांना पाठ होतं आणि ते खरंही होतं. लोकांनी ऐकलं. त्या हिवाळ्यात त्या पाड्यावर एक बाळ गेलं. धुराने नाही, थंडीने.

“आमी निखारं ठेवली तं धूर झाला,” सुईण तंबाखू मळत म्हणाली. “हिनी निखारं काढली तं थंडी झाली. मंग बाजेखाली काय ठेवायचा? हिचा पुस्तक?”

बाई हसल्या नाहीत. “घमेलं काढलं ते बरोबरच होतं,” त्या म्हणाल्या. “त्याच्या जागी काही ठेवलं नाही, ते चुकलं.”

“तवापासून पाय बघत फिरते,” सुईण मला म्हणाली.

या दोघींचं नातं सांगायचं तर दोन भाऊबंदांसारखं होतं. बांधावरून भांडायचं आणि एकमेकींशिवाय करमायचं नाही. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, सुईणीचं काम गेलं, तरी मान गेला नव्हता. बाळ-बाळंतीण घरी आली की पाचव्या दिवशी पाचवी पुजायची ती तिनेच. त्या रात्री देवी येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असं मानतात. त्या पाड्यावर रीत अशी की पाचवी पुजली जाईपर्यंत बाळ सुईणीच्या ताब्यात. तोवर पुरुषाने बाळाला शिवायचं नाही, बापानेसुद्धा.

जानेवारीतल्या एका सकाळी मी उपकेंद्रात बसलो होतो. सुईणीचा निरोप आला. तिच्या पाड्यावरच्या एका गरोदर पोरीला जुळं होतं आणि बाई तिला आठवडाभरात खाली दवाखान्यात हलवणार होत्या. पोरं थांबली नव्हती. पहाटेच घरी झाली होती.

“चला,” बाईंनी पिशवी उचलली. “जानेवारी बघायचा होता ना.”

जीप जिथवर जाते तिथवर गेलो, पुढे चढण. बाईंचे गुडघे दुखत होते. एका ठिकाणी त्या घसरून बसल्या, कोणी हात देण्याआधी उठल्या. पाड्यावर शुकशुकाट होता. दिवाळीनंतर तिथली बहुतेक घरं वीटभट्ट्यांवर जातात. हे कुटुंब बाईंच्या धाकाने मागे राहिलं होतं. घरात बाळंतीण, तिचा नवरा, म्हातारा सासरा आणि सुईण. शेजारचा एक माणूस कोंबड्या राखायला थांबलेला, तेवढाच.

दोन्ही मुली. मोठी रडत होती. धाकटी रडत नव्हती. ती एवढी लहान होती की सुईणीच्या हातावर पूर्ण मावली होती. बाईंनी हात पालथा केला. पोट कोमट, पाय गार. लगेच दोघींना आईच्या छातीवर घातलं, वरून गोधडी. मग आईकडे पाहिलं. रक्त थांबत नव्हतं. त्यांनी इंजेक्शन दिलं, पोट चोळायला घेतलं. रक्त कमी झालं, पण बाईंचा चेहरा सैल पडला नाही.

“खाली न्यायला हवं. आत्ताच.”

रुग्णवाहिकेला फोन लागला. ती खालच्या रस्त्यावर उभी राहणार होती. तिथवर बाळंतिणीला डोलीतून न्यायचं, म्हणजे बांबूला घोंगडी बांधून दोन खांद्यांवर. बाई वाटभर तिच्या पोटावर हात ठेवून चालणार. डोलीत अर्धवट आडव्या झालेल्या, ग्लानी आलेल्या बाळंतिणीच्या छातीवर एक बाळ नीट बांधता येत होतं. दोन नाही. धाकटी सुटून पडली असती, नाहीतर दबली असती.

तिला दुसरी छाती हवी होती. बाईंना वाटभर बाळंतिणीवर वाकून चालायचं होतं, वर गुडघ्यांचा भरवसा नव्हता. सुईण म्हणजे हाडांची काडी, वर खोकला, उतार उतरणं तिला शक्यच नव्हतं. सासरा आणि शेजारी डोलीला. बदली खांदा माझा. राहिला बाप.

तो दाराबाहेर उभा होता. विशीतला, अंगाने भक्कम. बाईंनी त्याला आत बोलावलं. “सदरा काढ.”

“मी नाय शिवायचा, बाय,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “पाचवी नाय झाली.”

“हात लावू नको. नुसती छाती लाव. हात मी बांधते.”

“बघा,” सुईण म्हणाली. “घाटावरची बाय वकिली करते.”

“म्हातारे, ही पोर पाचव्या दिवसापर्यंत राहिली पाहिजे ना? राहिली नाही तर कुणाची पाचवी पुजशील?”

“पाचवी पाचव्या दिसाला. मी नाय केली ती रीत, मी मोडायची कशी? उद्या पोरीला काय झाला तं पाडा कोणाला बोलंल? तुला नाय. तू खाली जाशील. मना बोलंल. याला बोलंल, बापानी शिवली म्हणून मेली.”

बाईंच्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला ठाऊक नाही. पण हुकूम देऊन घमेलं काढून घेणारी बाई आणि ही बाई यांत फरक होता. त्या सुईणीशेजारी जमिनीवर बसल्या.

“तू सांग मग. मला उपाय सुचत नाही. तूच सांग काय करायचं.”

सुईणीने धाकटीकडे पाहिलं. आईच्या कुशीतून तिचा एक पाय बाहेर आला होता. म्हातारीने हात पालथा केला, अगदी बाईंसारखा, आणि त्या पायाला लावला. थोडा वेळ तसाच ठेवला.

“पोरी दिसाआधी आल्यात ना?” ती म्हणाली.

“हो.”

“मंग यांची पाचवी पण दिसाआधी येल. पोर लवकर येते तं पाचवी काय उशिरा येल?” आणि सासऱ्याकडे वळून, “उठ. तांदूळ आण. दिवा आण. आज पाचवी हाय.”

सासऱ्याने दोन्ही आणलं. भिंतीशी तांदळाची लहानशी रास, वर दिवा, शेंदराचं बोट. सुईण पुटपुटली, दोघींच्या कपाळाला बोट लावलं. बाई तोवर आईचं पोट चोळत होत्या आणि म्हणत होत्या, “आटप गं, आटप.” “देवाला घाई नाय चालत,” असं म्हणत सुईणही घाईच करत होती.

मग तिने धाकटीला उचललं आणि बापापुढे धरलं. “घे. तुझी हाय आता.”

त्याने सदरा काढला. बाईंनी मुलगी त्याच्या छातीवर पालथ्या बेडकासारखी चिकटवली, डोकं एका बाजूला, नाक मोकळं. वरून सुईणीचं जुनं लुगडं घट्ट गुंडाळलं, त्यावर सदरा, त्यावर घोंगडी. “मी सांगेपर्यंत काढायची नाही,” त्या म्हणाल्या. “कुणीही सांगू दे.”

उताराला लागलो. ऊन खरोखर छान होतं आणि वारा कापत होता. निम्म्या वाटेवर बाईंनी डोली थांबवली, बापाच्या घोंगडीत हात घातला. पोट गरम झालं होतं. पाय अजून गार. त्या एका दगडावर टेकल्या, डावी चप्पल काढली, लाल मोजा काढला, उलटा केला, झटकला आणि धाकटीला कमरेपर्यंत त्या एका मोज्यात घातलं. उरलेली वाट त्या एका पायात मोजा घालून चालल्या. बाप घोंगडीच्या आत तोंड घालून काहीतरी बोलत होता. काय ते ऐकू आलं नाही.

दवाखान्यात बाळंतिणीला आत नेलं, बाई तिच्याबरोबर गेल्या. मोठीला आतल्या सिस्टरने घेतलं. मग डॉक्टर बापाजवळ आले. “बाळ द्या.”

“नाय.”

“अरे, तपासायचंय.”

“बाय सांगल तवा.”

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पुन्हा समजावलं, सिस्टरने समजावलं, रखवालदाराने आवाज चढवून पाहिला. हा भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात घोंगडीवर घट्ट धरून उभा. शेवटी डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवलं, घोंगडी बाजूला करून तिथल्या तिथे, त्याच्या छातीवरच बाळ तपासलं. पाय पाहायला लाल मोजा ओढला आणि हसले. “गरम आहेत,” म्हणाले. तेवढ्यात बाई आल्या. बाळंतीण वाचली होती, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळलं. भिंतीशी बसलेल्या बापाकडे पाहून त्या म्हणाल्या, “आता दे. थोडा वेळच. परत घ्यायची आहे तुला.”

पुढचे बरेच दिवस तो बायकांच्या वॉर्डात पाठमोरा बसून असे, धाकटी छातीवर. पुरुष आत चालत नाहीत, असं आरंभी कोणीतरी म्हणालं. बाई म्हणाल्या, “तो पुरुष नाही सध्या. पेटी आहे.” हे उत्तर चाललं.

मुली घरी आल्यावर सुईणीने पाचवी पुन्हा पुजली. मी विचारलं, एकदा झाली होती ना? “त्या दिशी देवी घाईत होती, लिवलेला नीट दिसत नसंल,” ती म्हणाली. “दोनदा लिवलेला बरा.”

यानंतर त्या भागात एक नवीन रीत पडली. अशक्त बाळ आलं की सुईण पाचवी अलीकडे ओढायची आणि बाप सदरा काढायचा. बाई आता हुकूम देत नव्हत्या; आधी म्हातारीला विचारायच्या. भट्टीवर निघालेल्या पुरुषांना त्या ट्रकजवळ गाठून लुगडं कसं बांधायचं ते शिकवायच्या. पोरं खिदळायची, “बाय, आमाला दूध पण येल का?” “प्रयत्न कर,” बाई म्हणायच्या, आणि पुढच्याला बांधायला घ्यायच्या. त्यांच्या हाताखालची सगळी बाळं जगली असं नाही. काही गेली, आणि त्या दिवशी बाई कोणाशी बोलत नसत. पण त्या टापूत हिवाळ्यात बाळ गार पडून जाणं हे पूर्वीसारखं गृहीत धरलं जात नव्हतं. असं गेलं तर लोक विचारू लागले, कोण कुठे होतं.

निवृत्त झाल्यावर बाई साताऱ्याकडे गेल्या. फोन केला की खुशाली विचारत नसत. “थंडी पडली का तिकडे?” एवढंच. गेल्या वर्षी त्यांच्या भाचीचा फोन आला, बाई गेल्याचा. सुईण त्याच्या आधी गेली होती.

या जानेवारीत मी कामासाठी जामसरला गेलो. त्या पाड्यापासून हे बरंच लांब. बाईंनी तिथे कधी काम केलं नव्हतं. फाट्यावर उतरलो, खांद्याला पिशवी होती. झाडाखाली एक अगदी तरुण आई झोळीत बाळ घेऊन जीपची वाट पाहत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि काही न बोलता झोळीतून बाळाचा पाय बाहेर काढून पुढे केला.

मी नर्स नाही, पुरुष आहे, वार्ताहर आहे, हे सांगायला हवं होतं. ती वाट पाहत होती. मी हात चोळले, उजवा पालथा केला आणि लावला.

गरम होता. तिने पाय आत घेतला आणि परत रस्त्याकडे बघू लागली.